पाहू द्या, राहू द्या

आत्याबाईंना सिनेमा अजिबात आवडत नसे. तरीही नवा सिनेमा लागला की शुक्रवारी दुपारच्या खेळाला त्या हजर. जबलपूरजवळच्या आमच्या रांझीच्या क्वार्टरांतली तेरा-चौदा वर्षांची पोरं रविवारी तो सिनेमा पाहणार की घरी बसून गणितं सोडवणार, हे त्या एकट्या ठरवत. त्यांना हा अधिकार कोणी दिला होता असं विचाराल तर कोणीच नाही. पण त्यांच्या शब्दाशिवाय आमच्या लाइनीतलं एक पोर टॉकीजच्या दिशेनं सायकल वळवत नव्हतं.

आत्या त्या कोणाच्याच नव्हत्या. भंडाऱ्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या, हिंदी शाळेत सातवी-आठवीला भूगोल शिकवणाऱ्या. मराठी घरांनी आत्याबाई म्हणायला सुरुवात केली, आणि हिंदी घरांना वाटलं हेच त्यांचं नाव. मग त्या 'आत्याबाई जी' झाल्या. एकदा शेजारच्यांच्या लग्नाच्या पत्रिकेवर 'श्रीमती आत्याबाई जी, सपरिवार' असं लिहून आलं. त्या एकट्याच गेल्या, पंगतीला बसल्या, आणि वाढणाऱ्यानं "परिवार कहाँ है?" विचारल्यावर म्हणाल्या, "आप परोसिए भैया. परिवार ही खा रहा है."

उंच, हाडापेरानं मजबूत, मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात बारमाही छत्री. ती छत्री उन्हापावसासाठी क्वचितच उघडे. वर्गात नकाशावर हिमालय दाखवायला, बसमध्ये पाय पसरून बसलेल्यांना टोचायला आणि टॉकीजमध्ये शेजारची खुर्ची अडवायला ती होती. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर दोनच गोष्टी: बाबासाहेबांचा फोटो आणि जुना नकाशा. नकाशा राज्यं वेगळी व्हायच्या आधीचा, त्यात नागपूर आणि जबलपूर एकाच रंगात होते. आमच्या घरांतली म्हातारी माणसं नागपूर सुटल्याची खंत करत, तेव्हा आत्याबाई छत्रीनं नकाशा ठोकत आणि म्हणत, "रेषा ओढणाऱ्यानं पेन्शिल उचलली, नागपूर तिकडं नेलं, अन् आपल्याले पाहून म्हणाला, राहू द्या. म्हणून राहिलो. आता चहा ठेवा."

पोरांसाठी सिनेमा पाहून यायची प्रथा कशी पडली ते आईकडून ऐकलेलं. लाइनीतले एक काका स्वतःच्या तीन पोरांना घेऊन एका सिनेमाला गेले. मध्येच पडद्यावर असं काही सुरू झालं की काकांनी घाईघाईनं दोन पोरांच्या डोळ्यांवर दोन हात ठेवले. तिसऱ्यासाठी हात उरला नाही. त्या तिसऱ्यानं जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी पूर्ण लाइनीला सांगितलं, अभिनयासकट. सगळ्या आया चिंतेत. बापांच्या कारखान्यात पाळ्या, आयांना वेळ नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मी पाहून येते. मले तसंही शिनेमात काही गोडी नाही, तं माह्यावर असर होत नाही."

आता त्यांची पद्धत. त्या पुढच्या भागात भिंतीकडची खुर्ची घेत आणि आडव्या बसत. पाठ भिंतीला, तोंड लोकांकडे. पडद्याकडे मान वळवायची ती कधीतरी, गोष्ट कुठवर आली ते पाहण्यापुरती. पहिल्यांदा डोअरकीपर धावत आला होता. "माताजी, परदा उधर है."

"मालूम है भैया," आत्याबाई म्हणाल्या, "मेरा पिक्चर इधर है."

टॉकीजच्या मॅनेजरनं ही बाई दर शुक्रवारी येते, सिनेमा पाहत नाही, लोकांची तोंडं पाहते, मध्येच मान हलवते, हे ऐकलं आणि ती सरकारची माणूस असणार असा निष्कर्ष काढला. एका मध्यंतरात त्यानं त्यांना ऑफिसात बसवून समोसे आणि चहा दिला, पंखा सुरू केला, आणि हात जोडून विचारलं, "मैडम, कोई कमी?" आत्याबाईंनी समोसे संपवले, चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "चटनी में नमक कम है. और पिक्चर बच्चों के लायक नहीं है." तो सिनेमा बदलेपर्यंत मॅनेजर धास्तावलेला होता म्हणतात.

त्यांचे निकाल कोणाला आधी सांगता येत नसत. पावसात भिजलेल्या नटीचं गाणं होतं म्हणून आयांनी नाकं मुरडली, तर आत्याबाई म्हणाल्या, "पाणीच तं हाय. तिले सर्दी होईन, आपल्या पोट्ट्यायले काय होते?" सिनेमा पास. मारामारी, बंदुका, रक्ताचे ओघळ: पास. "रंग असते तो, पोट्ट्यायले माहीत असते." उलट एक देवाधर्माचा सिनेमा, ज्याला आज्या स्वतः नातवंडांना न्यायला निघाल्या होत्या, तो त्यांनी नापास केला. कारण त्यात एका काळ्या मुलीला पाहून नवरा मुलगा बेशुद्ध पडतो आणि टॉकीज हसते. आणखी एक सिनेमा भूगोलापायी गेला. त्यातला हिरो मुंबईला आगगाडीत बसतो, सकाळी जाग येते तर बाहेर चहाचे मळे. "एका रातीत? कोणती गाडी हाय ते सांगा, मी बी जाते!" आठवीची परीक्षा तोंडावर होती, त्या काहीही धोका पत्करायला तयार नव्हत्या.

कोणी पोस्टरवरचा 'यू' दाखवला की त्यांना फार राग येई. "तो यू मुंबईत बसून देल्ला. त्याइनं आपले पोट्टे पाह्यले हाय काय?" आणि नेमकं काय पाहता, असं विचारलं तर उत्तर एकच: "लोक कुठं हासले ते पाहाचं. रडाच्या जागी सारेच रडते. हासाची जागा पाह्य."

हे वाक्य मी तेव्हा पाठ केलं होतं. अर्थ कळला नव्हता.

निकाल कळवायचा त्यांचा एक ठरलेला मार्ग होता. शहरातून येणारी बस आमच्या लाइनीसमोरून जाई, पण थांबे पुढच्या स्टॉपवर, जिथं आत्याबाईंचं घर होतं. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोरी रस्त्याच्या कडेला उभ्या राहायचो, आणि बस आली की खिडकीतून आधी छत्रीचं टोक आणि मग आत्याबाईंचा आवाज बाहेर यायचा. "पाहू द्याऽऽ" म्हणजे पोरांना पाहू द्या. "राहू द्याऽऽ" म्हणजे नको, असू द्या. एका अक्षरावर आमचा रविवार टांगलेला असे. कंडक्टरलाही ते पाठ झालं होतं, तो दारातून हात हलवून सुरात सूर मिसळायचा. हिंदी घरांनी त्यातून स्वतःची भाषा काढली. नळावर भेटलेल्या बाया एकमेकींना विचारायच्या, "क्यों दीदी, इस हफ्ते पाहू है कि राहू?" आणि सिनेमा नापास झाला की म्हणायच्या, "लो, पिक्चर को राहू लग गया."

आता रजनीबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय मला आत्याबाईंबद्दल लिहिण्याचं काही कारण नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

रजनी आमच्या शेजारच्या क्वार्टरची, माझ्याच वर्गात. ती बोलताना अडखळायची. सगळ्या अक्षरांवर नाही, र वर. आणि नाव रजनी. हजेरीला सगळ्यात कठीण प्रश्न तिच्यापुढे असायचा. आत्याबाईंनी एका उन्हाळ्यात तिला हाती घेतली. नकाशा जमिनीवर अंथरायचा, तिचं बोट अमरकंटकावर ठेवायचं आणि म्हणायचं, "नर्मदा सारेच म्हणते. तू रेवा म्हण. बोट चालू दे. नदी जिथं वळते तिथं वळ. शब्द येईन तवा येईन, कोणाची बस सुटून राहिली नाही." मी शेजारी बसून शेंगा सोलायची. रजनीचं बोट जबलपूर ओलांडून, होशंगाबाद ओलांडून, कधी भडोचला समुद्रात पडून परत यायचं, तेव्हा कुठे शब्द सुटायचा. आणि एके दिवशी बोट अजून अमरकंटकातच होतं, आणि ती म्हणाली, "रेवा." आत्याबाईंनी शाबास वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाल्या, "हाव. आता दुसरी नदी. रावी."

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर तो विनोदी सिनेमा आला. सगळ्या शहरात त्याचीच चर्चा. नागपूरची भावंडं पत्रांतून त्यातले संवाद लिहून पाठवत होती. यू तर होताच. प्रेम नाही, मारामारी नाही, नुसता हसण्याचा कारखाना. रजनीनं आणि मी ठरवलं होतं की रविवारी एकत्र जायचं. तिची आई तिला आत्याबाईंच्या शब्दाशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. निकाल 'पाहू' येणार यात कोणालाच शंका नव्हती. इतकी नव्हती की त्या शुक्रवारी रस्त्यावर निकाल घ्यायला मी एकटीच उभी राहिले.

बस आली. छत्री बाहेर आली. आत्याबाईंनी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "राहू द्या! राहू द्याऽऽ!"

दोनदा सांगितलं. पुढे रेल्वेचं फाटक नव्हतं, ट्रक नव्हता, कारखान्याचा भोंगा वाजत नव्हता. मला नीट ऐकू आलं. मी लाइनीत परत आले. रजनीची आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "काय वं पोरी, काय म्हणे आत्याबाई?"

मी म्हटलं, "पाहू द्या."

इतकंच. मनात कसलं वादळ वगैरे झालं नाही. मला रजनीबरोबर तो सिनेमा पाहायचा होता, आणि 'र' च्या जागी 'प' म्हणणं फार सोपं होतं.

रविवारी आमच्या लाइनीतली सगळी पोरं एका रांगेत बसली. मध्यंतराआधी त्या सिनेमातला सगळ्यात गाजलेला माणूस पडद्यावर आला. तो तोतरा होता. स्वतःचं नाव सांगताना पहिल्याच अक्षरावर अडायचा, डोळे बाहेर यायचे, आणि मग शेजारच्यानं पाठीत थाप मारली की शब्द बंदुकीच्या गोळीसारखा सुटायचा. टॉकीज गडगडली. लोक खुर्च्या बडवत होते. मीही हसले, पोट धरून. मग माझ्या लक्षात आलं. हसता हसता मी थांबले, तोंडावर हात ठेवला आणि रजनीकडे पाहिलं.

तीही हसत होती. माझ्याकडे पाहिलं, आणि थांबली.

सोमवारी शाळेच्या वाटेवर पोरांनी तिच्या पाठीत थापा मारल्या. वाईट पोरं नव्हती. आमचीच होती, रोज तिच्याबरोबर लंगडी खेळणारी. त्यांना खरंच वाटत असावं की थापेनं शब्द येतो. हजेरीला रजनीचं नाव आलं आणि ती उभी राहिली नाही. घरी आली आणि बोलली नाही. रेवा नाही, रावी नाही, र नसलेलं साधं "हो" पण नाही.

संध्याकाळी तिची आई आत्याबाईंकडे निघाली, मागे लाइनीतल्या चार बाया, आणि माझे बाबा. मलाही नेलं, कारण निकाल मी आणला होता. आत्याबाई ओट्यावर वह्या तपासत बसल्या होत्या.

"आत्याबाई," रजनीची आई म्हणाली, "तुमच्या शब्दावर पाठवली होती मी पोरीले. तुम्ही असा शिनेमा कसा पास केला?"

आत्याबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी पास केला?"

"तुम्ही पाहू द्या म्हणाल्या ना. ह्या पोरीनंच येऊन सांगितलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं. मी त्यांच्या छत्रीकडे पाहत राहिले, ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. आत्याबाईंनी एक वाक्य म्हणायचा अवकाश होता. कंडक्टर साक्षीला होता, पूर्ण बस साक्षीला होती.

त्या म्हणाल्या, "असंल. बसमधून वराडलं तं असंच होते. एका अक्षराच्या भरवशावर पोट्टे सोडाले नाही पाहिजे. माह्यी चूक हाय."

बाबांना हे पुरलं नाही. ते कारखान्यात युनियनमध्ये होते, चूक कबूल करणाऱ्यावर अजून दोन कलमं लावायची त्यांना सवय होती. "चूक तं हायच. पण आत्याबाई, ज्याच्या घरी लेकरू नाही त्यानं दुसऱ्याच्या लेकरायचा ठेका कायले घ्यावा?"

हे वाक्य लाइनीत पाठीमागे पुष्कळदा बोललं गेलं होतं, तोंडावर पहिल्यांदाच. आत्याबाईंजवळ त्या वस्तीत स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, आमचा तो रविवार. तो आता जातोय असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि माझं तोंड शिवल्यासारखं बंद होतं.

आत्याबाई बाबांकडे पाहून हसल्या. "खरं हाय भाऊ. मले लेकरं नाही. म्हणून तं मी टाकीजमध्ये लोकायचे लेकरं पाहत बसते. तुम्हाले हायत, तं तुम्ही हिरोइन पाहता."

आधी रजनीची आई हसली, मग बाकीच्या बाया, मग अगदी नाइलाजानं बाबा. जाताना ते पुटपुटले, "बाई बाकी हुशार हाय." माझ्या खांद्यावर हात ठेवून मला घरी नेलं. मी वाटेतही काही बोलले नाही.

ठेका गेला नाही, पण पद्धत बदलली. आत्याबाई आता स्टॉपच्या आधीच, आमच्या लाइनीसमोर, कंडक्टरला छत्री टोचून बस थांबवायला लावत, उतरत आणि दारोदार फिरून निकाल सांगत. आणि निकाल आता प्रत्येक घराला वेगळा! "तुमच्या मोठ्याले पाहू द्या, लहान्याले राहू द्या." "तुमच्या पोरीले पाहू द्या, पण पोटभर जेवून." एका घरी जुळे भाऊ होते. त्यातल्या एकाला पाहू आणि दुसऱ्याला राहू. त्यांचे वडील रस्त्यावर येऊन ओरडले, "आत्याबाई जी, दोनों एक ही दिन पैदा हुए हैं!"

"पैदा हुए होंगे," आत्याबाई म्हणाल्या, "एक अँधेरे से डरता है. दूसरा डराता है. पूछ लो."

विचारलं. खरं निघालं.

माझ्या दाराशी आल्या की मात्र त्या निकाल सांगत नसत. आईला फक्त म्हणत, "हिचं हिले ठरवू द्या." आणि एका शुक्रवारी म्हणाल्या, "चल माह्यासंग." शाळेला दांडी मारून, खुद्द मास्तरणीबरोबर, मी दुपारच्या खेळाला गेले. त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून आडवी बसले. अंधारात पडद्याचा उजेड लोकांच्या चेहऱ्यांवर हलत होता. एक म्हातारी भलत्याच जागी रडत होती. एक नवरा-बायको पडदा सोडून एकमेकांशी भांडत होते. मला वाटलं, आता सांगावं. अंधार आहे, चेहरा दिसणार नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या दिवशी बसमधून तुम्ही..."

"तिकडं पाह्य," त्यांनी छत्रीनं दाखवलं, "तिसऱ्या रांगेतला तो मोटा माणूस. आता हासते पाह्य."

आणि तो माणूस हसला. त्या हसण्यात माझं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा घातल्या. पुढे त्या निवृत्त होऊन भाच्याकडे भंडाऱ्याला गेल्या, तिथंच वारल्या. ते वाक्य मी पूर्ण केलं नाही.

रजनीच्या बाबतीत मात्र मी शक्य ते सगळं केलं, असं मी स्वतःला सांगत आले. त्या सिनेमानंतर मी तिची सावली झाले. हजेरीला तिच्या वतीनं मी "हजर" म्हणे. दुकानात तिला काय हवं ते मी सांगे. तिनं बोलायला तोंड उघडलं की तिला त्रास होऊ नये म्हणून उरलेला शब्द मी पूर्ण करून टाके. लोक म्हणायचे, काय मैत्रीण आहे! पुढे रजनी नागपूरला मामाकडे शिकायला गेली, आणि तिथं, का कोण जाणे, हळूहळू बोलायला लागली. आता बँकेत आहे. दिवसभर खिडकीवर लोकांशी बोलते. दिवाळीला आमचा फोन होतो, लेकी-सुनांच्या गप्पा होतात. त्या शुक्रवारचा विषय कधी निघाला नाही. मी निघू दिला नाही.

परवा निघाला. मी आता जबलपुरातच, अधारतालच्या एका शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांना सुटीआधी एक सिनेमा दाखवायचा आहे, आणि कोणता दाखवायचा ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. सहकाऱ्यांनी एकमतानं सुचवला तोच जुना विनोदी सिनेमा. "मॅडम, एकदम साफ-सुथरी पिक्चर है, यू है, पूरी फैमिली देखती है." माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, तिचा शब्द अडतो. क वर. मी घरी आले, चहा केला, तो थंड होऊ दिला आणि रजनीला फोन लावला. दिवाळी नसताना माझा फोन पाहून ती घाबरलीच. मी तिला दुसऱ्या बाकावरच्या मुलीपासून सगळं सांगितलं. बस, छत्री, राहू द्या, तिच्या आईची मेथी. आत्याबाईंनी माझ्यासाठी खाल्लेली बोलणी. मग म्हटलं, "तुझं बोलणं माझ्यामुळं गेलं होतं रजनी."

ती म्हणाली, "इतले वर्षं हे घेऊन बसली होती तू? पागल."

"मी खोटं बोलले नसते तर तू तो सिनेमा..."

"अगं, मले तो माणूस आवडला होता! पहिल्यांदाच कोणी माह्यासारखं बोलत होतं पडद्यावर. मी मस्त हासून राहिली होती. पूरी टाकीज हासून राहिली होती. मंग तू थांबली."

"मी?"

"तोंडावर हात ठेवला अन् माह्याकडं पाह्यलं. तवा मले समजलं का हे माह्यावर हाय."

मी विचारलं, "आणि त्या थापा?"

"थापा तं मी बी मारल्या त्यायले. तुले ते नाही आठवत. एकाचं नाक फुटलं होतं." ती हसली. "थापेनं नाही काही झालं. तू मंग माह्या वतीनं बोलाले लागली ना. हजेरी तू देणार, शब्द तू पुरा करणार. मी कायले बोलू मंग? नागपूरले कोणाले टाईम नव्हता माह्या वतीनं बोलाले. तं बोलाच लागलं."

ओट्यावर मुकाट्यानं उभ्या राहिलेल्या त्या पोरीला मी इतकी वर्षं शिक्षा देत होते, आणि गुन्हा भलत्याच जागी होता. आत्याबाईंनी पूर्ण टॉकीजची तोंडं पाहिली होती. माझं तोंड त्या शुक्रवारच्या खेळात नव्हतं. नाही तर त्यांनी तेही पाहिलं असतं.

रजनीनं विचारलं, "ते तुह्या वर्गातली पोरगी, मैत्रिणी हायत तिले?"

"आहेत. दंगा करते त्यांच्यात. कमी नाही ती काही."

"बरं."

"मग काय करू? दाखवू का हा सिनेमा त्यांना?"

पलीकडून आवाज येईना. पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि लांबवर नागपूरच्या रस्त्यावरचा हॉर्न. मला कळलं, र आला. तो तिचा जुना र, राहू द्या मधला. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, नुसता सोडायचा बाकी होता. मी तोंडावर हात दाबून धरला आणि थांबले. कोणाची बस सुटत नव्हती.

"पाहू द्या," रजनी म्हणाली. सरळ, एका दमात. ती अडली नव्हतीच, विचार करत होती. "फक्त तू तिच्याकडं पाहू नको."